पंप कुणाला, दूध कुणासाठी?

डोहाळजेवणाला नाहीतर बारशाला मिळणाऱ्या भेटींमध्ये हल्ली एक नवा खोका दिसू लागला आहे. झबली-टोपडी, चांदीची वाटी यांच्या शेजारी ब्रेस्ट पंप. वसई, नालासोपारा, विरारच्या नोकरदार घरांत तर अनेकदा बाळ जन्मण्याआधीच तो ऑनलाइन मागवलेला असतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी यातल्याच काही घरांत दुसरा प्रश्न उभा राहतो. फ्रीजरमध्ये दुधाच्या बाटल्या साठलेल्या असतात, बाळाचे पोट छातीवरच भरत असते आणि मातांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा होते, ‘दूध जास्त आहे, टाकून द्यायला जीव होत नाही, कोणाला हवे आहे का?’

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आज आईला चुकीच्या ठिकाणी शोधावी लागतात. पंप कोणता घ्यायचा, हे जाहिरात सांगते. दूध कोणाला द्यायचे, हे ग्रुप ठरवतो. खरे तर दोन्ही प्रश्न आरोग्यसेवेचे आहेत. पंपाची गरज आहे की नाही, हे प्रसूतीच्या ठिकाणीच कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. जास्तीचे दूध कुठे पोहोचवायचे, याची सोय शहराने केली पाहिजे. पहिली गोष्ट झाली नाही तर पैसे वाया जातात आणि आईला त्रास होतो. दुसरी झाली नाही तर एखाद्या किलोभर वजनाच्या बाळाला मिळू शकणारे औषध मोरीत ओतले जाते.

दूध कमी की भीती जास्त?

‘दूध पुरत नाही’ हे वाक्य बाळंतिणीच्या कानावर तिसऱ्या दिवसापासूनच पडू लागते. बाळ रडले की दूध कमी, दोन तासांत पुन्हा उठले की दूध पातळ, असा निष्कर्ष घरातली वडीलधारी माणसे प्रेमापोटीच काढतात. मग अळिवाचे लाडू, मेथी, शतावरी सुरू होते आणि त्याच्या जोडीला आता पंपही येतो. एका बैठकीत पंपात वीस मिलिलिटरच आले की आईचा धीर सुटतो आणि पावडरचा डबा घरात येतो.

पंपात आलेले दूध म्हणजे छातीत असलेले दूध नव्हे. पंपापेक्षा बाळ जास्त चांगले दूध ओढते. त्यामुळे पंपाच्या बाटलीवरून दुधाचे माप ठरवणे चूकच. बाळाला दिवसात सहा किंवा अधिक वेळा स्वच्छ लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे. हे माप फुकट आहे आणि बाटलीवरच्या रेषांपेक्षा विश्वासार्ह आहे.

दूध तयार होते ते मागणीनुसार. बाळ ओढते तेव्हा मेंदूतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही दोन संप्रेरके स्रवतात. पहिल्यामुळे दूध बनते, दुसऱ्यामुळे ते वाहू लागते. जितके दूध बाहेर निघेल तितके पुन्हा बनते. म्हणूनच बाळाचे पोट नीट भरत असताना भीतीपोटी वरून दिवसातून चार-पाच वेळा पंप लावला, तर शरीराला वाटते की जुळी बाळे आहेत. दूध गरजेपेक्षा वाढते, छाती दगडासारखी होते, गाठी येतात आणि काही जणींना स्तनदाह होऊन ताप चढतो. अशा वेळी ‘छाती पूर्ण रिकामी करा’ असा सल्ला मिळतो. त्याने त्रास आणखी वाढतो. आराम पडेल इतकेच दूध काढावे, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, बाळाला पाजत राहावे आणि २४ तासांत उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.

एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. पावडरचे दूध आणि दुधाची बाटली यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे. २००३च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली. ब्रेस्ट पंप मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे नव्या आईच्या मनातल्या ‘पुरत नाही’ या धास्तीला उद्देशून पंपाची जाहिरात खुशाल करता येते.

पंपाची गरज कोणाला?

काही जणींना पंप खरोखर लागतो आणि तिथे हात आखडता घेऊ नये. ज्यांचे बाळ मुदतपूर्व जन्मून एनआयसीयूत आहे त्या पहिल्या. बाळ छातीला लागू शकत नसताना दूध टिकवायचे तर दिवसरात्र मिळून आठ वेळा दूध काढावे लागते. दुसऱ्या म्हणजे कामावर परतणाऱ्या. टाळू किंवा ओठ दुभंगलेल्या बाळाची आई, जुळ्यांची आई, काही दिवस बाळापासून दूर राहावे लागणारी आजारी आई यांनाही त्याचा उपयोग होतो.

पण या सर्वांनी आधी हाताने दूध काढायला शिकले पाहिजे. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा घट्ट पिवळा चीक थेंबांनी येतो. पंपाच्या नळीत तो चिकटून वाया जातो, हाताने काढला तर वाटीत पडतो. अंगठा वर आणि बोटे खाली, अशा पकडीत स्तनाग्राच्या तीन-चार सेंटिमीटर मागे धरायचे, आधी छातीच्या दिशेने दाबायचे, मग बोटे जवळ आणायची आणि सोडायचे. स्तनाग्र ओढायचे नाही, कातडीवर बोटे घासायची नाहीत. दहा मिनिटांत शिकता येणारी ही गोष्ट आहे. हात साबणाने धुतले की वीज, चार्जिंग, सुटे भाग काहीच लागत नाही. प्रत्येक प्रसूतिगृहातून आई घरी जाण्याआधी तिला हे करून दाखवले, तर निम्मी घाबरगुंडी तिथेच संपेल.

आता नोकरीवर परतणाऱ्या आईचा हिशेब. २०१७च्या दुरुस्तीनंतर, कायदा लागू असलेल्या आस्थापनांत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. घरकाम करणाऱ्या, वसई पूर्वेच्या गाळ्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ती कुठली मिळायला? ती दीड-दोन महिन्यांतच कामावर परतते. विरारहून सकाळी साडेसातची गाडी पकडून चर्चगेटला जाणारी आई संध्याकाळी साडेसहा-सातला घरी येते. म्हणजे अकरा-बारा तास. फक्त आईच्या दुधावर असलेले बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते. त्यातले अकरा तासांचे म्हणजे ३५० मिलिलिटरच्या आसपास दूध तिच्या पश्चात लागणार. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की हा आकडा कमी होतो. एवढ्यासाठी फ्रीजर भरून ठेवण्याची गरज नाही. रजा संपण्याआधी दोन आठवडे रोज एकदा काढलेले दूध साठवले आणि नंतर कामावर दोन-तीनदा काढले, तर आजचे दूध उद्याला पुरते.

कोणता पंप घ्यावा?

रबरी फुग्याचा, भोंग्यासारखा स्वस्त पंप अजून काही दुकानांत मिळतो. तो घेऊ नये. दूध फुग्यात शिरते, तो आतून धुता येत नाही आणि दाबावर ताबाही राहत नाही.

दांडी दाबून चालवायचा हातपंप अधूनमधून दूध काढणाऱ्या आईला पुरतो. किंमत कमी, आवाज नाही, विजेची गरज नाही. रोज दोन-तीनदा काढायचे असेल तर विजेवरचा किंवा बॅटरीचा पंप बरा आणि वेळ मोजका असेल तर दोन्ही बाजूंना एकदम लागणारा दुहेरी पंप पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतो. कपड्यांच्या आत बसणारे छोटे पंप सोयीचे असतात, पण महाग. शिवाय त्यांचे सुटे भाग धुणे किचकट. एनआयसीयूतील बाळाच्या आईला लागतो तो रुग्णालयात वापरला जाणारा ताकदीचा पंप. तो विकत घेण्याची वस्तू नव्हे. रुग्णालयाने तो ठेवावा आणि प्रत्येक आईला नळी-कपांचा स्वतंत्र संच द्यावा, हीच रीत योग्य.

खरेदी करताना खोक्यावरच्या ‘जास्तीत जास्त खेच’ या आकड्याला भुलू नये. जास्त खेच म्हणजे जास्त दूध नव्हे. दुखायला लागले की ऑक्सिटोसिन आटते आणि दूध उलट कमी येते. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. एक, छातीला लावायच्या कपाचे माप. अनेक पंपांबरोबर २४ मिलिमीटरचा एकच कप येतो आणि तो सर्वांना बसत नाही. स्तनाग्र नळीत सहज पुढे-मागे झाले पाहिजे. ते कडेला घासत असेल तर कप लहान आहे, भोवतीचा गडद भागही आत ओढला जात असेल तर मोठा. दोन, दूध मोटरच्या नळीत जाऊ नये म्हणून मध्ये पडदा असलेली बंद रचना. तीन, कप आणि झडपा आपल्या गावात किंवा निदान ऑनलाइन सुट्या मिळतात का. पंप बिघडला असे वाटते तेव्हा अनेकदा काही रुपयांची झडप सैल झालेली असते. चार, वीज गेली तर बॅटरीवर चालतो का.

मैत्रिणीचा वापरलेला पंप घ्यावा का? बंद रचना नसलेला घेऊ नये. मोटरमध्ये गेलेले दूध आणि बुरशी बाहेरून दिसत नाही. बंद रचनेचा असला तरी कप, झडपा आणि नळ्या नव्याच घ्याव्यात.

धुण्याबाबत मात्र सूट नाही. अमेरिकेत २०१६ साली एका मुदतपूर्व बाळाला क्रोनोबॅक्टर जंतूचा गंभीर संसर्ग झाला, त्याचा माग घरच्या पंपापर्यंत लागला आणि त्यानंतर तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने पंपाच्या स्वच्छतेचे नियम जाहीर केले. दर वेळी वापरून झाला की दुधाला लागलेले भाग सुटे करावेत, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या ब्रशने साबणाच्या पाण्यात धुवावेत. सिंकमध्ये थेट ठेवू नयेत, भांड्यांची घासणी वापरू नये. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान किंवा मुदतपूर्व असेल तर दिवसातून एकदा उकळावेत. पुसू नयेत, स्वच्छ कापडावर हवेत वाळू द्यावेत. पावसाळ्यात वसईच्या दमट हवेत ते वाळायला वेळ लागतो. ओले डब्यात बंद केले की बुरशी धरतेच, म्हणून एक जादा संच ठेवावा.

साठवणीचा नियमही साधा आहे. काढलेले दूध खोलीत ४ तासांपर्यंत चालते, मे महिन्याच्या उकाड्यात त्याहून लवकर थंडीत ठेवावे. फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे, २४ तास. पाश्चात्त्य पुस्तकांत चार दिवसांची मुदत दिलेली असते, पण ज्या घरात दुपारी वीज जाते आणि फ्रिज दिवसभर उघडझाप होतो तिथे २४ तासांचाच हिशेब बरा. स्वतंत्र दाराच्या, उणे १८-२० अंशांच्या फ्रीजरमध्ये तीन महिने. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याचा तितका भरवसा नाही, तिथे दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहावी. गाडीतून आणायचे तर बर्फाच्या पिशव्या घातलेली थंड बॅग वापरावी. गोठलेले दूध कोमट पाण्यात ठेवून पातळ करावे, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नव्हे. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. आणि बाळाला ते बाटलीने देण्याऐवजी वाटी-चमच्याने, बोंडल्याने द्यावे. आजीच्या ट्रंकेतले बोंडले यासाठी सर्वांत सोपे साधन आहे, धुवायलाही आणि पाजायलाही.

धाराऊपासून दुग्धपेढीपर्यंत

इतके सांभाळूनही दूध उरत असेल, तर प्रश्न येतो तो दानाचा. दुसऱ्या बाळाला दूध देणे आपल्याला नवे नाही. सईबाईंची प्रकृती बरी नसताना बाळ संभाजीराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ मराठी घरांत आजही आदराने आठवली जाते. ‘दूधभाऊ’ हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. पण धाराऊ कोण, कुठली, तिची तब्येत कशी, हे सर्वांना ठाऊक होते. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या अनोळखी बाटलीबद्दल यातले काहीच ठाऊक नसते.

आईच्या दुधातून एचआयव्ही बाळापर्यंत जाऊ शकतो. काही औषधे, दारू, तंबाखूतील निकोटिनही दुधात उतरते आणि आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायकांना ती तंबाखूच आहे हे अनेकदा सांगावे लागते. पंप नीट धुतला होता का, बाटली उन्हात किती वेळ होती, हे चांगल्या मनाच्या दात्रीलाही नेमके सांगता येत नाही. धडधाकट सहा महिन्यांच्या बाळाला कदाचित काही होणारही नाही. पण असे दूध शोधणारी आई बहुधा नाजूक बाळाचीच असते. देणाऱ्या आईच्या हेतूबद्दल शंका नाही, पण हेतूने जंतू मरत नाहीत.

हे काम करते ती मानवी दुग्धपेढी, म्हणजे मिल्क बँक. जगातली पहिली १९०९ साली व्हिएन्नात सुरू झाली. आशियातली पहिली म्हणून जिचे नाव घेतले जाते ती मात्र आपल्या जवळ, मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. परदेशी देणगीच्या चकचकीत इमारतीत नव्हे, तर खाटांपेक्षा बायका जास्त असणाऱ्या सार्वजनिक रुग्णालयात. तिथल्याच बाळंतिणींनी तिथल्याच अशक्त बाळांसाठी दूध द्यायचे, हा तिचा पाया होता.

पेढीत काय होते ते पाहिले की पेढी आणि ग्रुप यांतला फरक कळतो. दात्रीची विचारपूस होते. प्रकृती, औषधे, व्यसने विचारली जातात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, गुप्तरोग यांच्या रक्तचाचण्या पाहिल्या जातात. तिची लेखी संमती घेतली जाते. तिच्या स्वतःच्या बाळाचे पोट भरून उरलेलेच दूध घेतले जाते. मग ते दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून झपाट्याने थंड केले जाते. या तापमानाला एचआयव्हीसह रोगजंतू मरतात. संरक्षक घटक काही प्रमाणात कमी होतात, पण बरेच टिकून राहतात. त्यानंतर जंतुतपासणी होते आणि ती निर्दोष आली तरच ते दूध बाळापर्यंत जाते. घरी दूध उकळले की झाले, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. उकळीने जंतू मरतील, पण ज्यासाठी ते दूध द्यायचे ते गुणही त्याच वेळी जातील, आणि दात्रीची तपासणी उकळीने होत नाही.

शंभर मिलिलिटरचे मोल

हे दूध कोणासाठी? दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या, बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या, ज्यांच्या आईला अजून दूध आलेले नाही, जी अत्यवस्थ आहे किंवा या जगात नाही, अशा बाळांसाठी. अशा बाळांच्या कोवळ्या आतड्यांना सूज येऊन ती सडू लागण्याचा एक भयंकर आजार होतो. काही बाळे त्यात दगावतात, काहींचे आतडे कापावे लागते. आजवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर दात्रीच्या दुधाऐवजी पावडरच्या दुधावर ठेवलेल्या बाळांत हा आजार जवळपास दुपटीने आढळतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने क्रम ठरवून दिला आहे. आधी स्वतःच्या आईचे दूध, ते नसेल तर पेढीतले दूध, आणि तेही नसेल तरच पावडर. पेढीतले दूध आईला पर्याय नाही. आईचे दूध येईपर्यंतचा तो साकव आहे.

एक किलोच्या बाळाला पहिल्या दिवसांत दर दोन तासांनी दोन-तीन मिलिलिटरच दूध दिले जाते. दिवसाचे झाले २४ ते ३६ मिलिलिटर. म्हणजे विरारच्या एखाद्या फ्रीजरमधली शंभर मिलिलिटरची एक बाटली अशा बाळाचे जवळपास तीन दिवस निभावून नेऊ शकते. ज्या दिवसांत त्याचे आतडे वाचणार की नाही हे ठरते, नेमके तेच दिवस. ‘माझे एवढेसे दूध कोणाला पुरणार?’ या प्रश्नाला हे उत्तर आहे. बाळ गमावलेल्या काही आयाही दूध देण्याची इच्छा व्यक्त करतात. त्यांना आग्रह कधीही करू नये, पण विचारणाऱ्या आईला वाट माहीत असलेले कोणीतरी जवळ हवे.

काही शंका मात्र खऱ्या आहेत आणि त्या झटकून टाकता येत नाहीत. इस्लाममध्ये एका स्त्रीचे दूध प्यायलेल्या मुलांत नाते जुळते आणि विवाह निषिद्ध होतो. पेढीत अनेकींचे दूध एकत्र होते म्हणून काही कुटुंबे कचरतात. २०२४ साली कराचीत सुरू होऊ घातलेली दुग्धपेढी याच आक्षेपावर थांबली. नालासोपारा, वसईसारख्या मिश्र वस्तीत हा प्रश्न टाळून चालणार नाही. धर्मगुरूंना विश्वासात घेणे आणि दूध घेण्याआधी कुटुंबाला सर्व सांगून संमती घेणे, हाच मार्ग आहे. दुसरी शंका पैशाची. दुधाला दर लागला की गरीब आईच्या बाळाच्या तोंडचे दूध बाजारात जाईल. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २४ मे २०२४ रोजी आईच्या दुधाची विक्री आणि त्यावरचा व्यापार थांबवण्याची ताकीद दिली, ती याचसाठी महत्त्वाची आहे. दूध देणाऱ्या आईला मोबदला नाही आणि घेणाऱ्या बाळाकडून नफा नाही, ही मर्यादा पाळली तरच हे दान राहते.

फुले पोहोचतात, दूध का नाही?

केंद्र सरकारने २०१७ साली सार्वजनिक रुग्णालयांसाठी स्तनपान व्यवस्थापन केंद्रांची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यात तीन पायऱ्या आहेत. मोठ्या केंद्रात दात्रींचे दूध घेऊन, तपासून, प्रक्रिया करून साठवायचे. मधल्या केंद्रात आईचे दूध तिच्याच आजारी बाळासाठी काढून ठेवायचे. आणि प्रसूती होते त्या प्रत्येक ठिकाणी निदान स्तनपानाला मदत करणारे माणूस असायचे. आराखडा तयार आहे. प्रश्न तो वसई-विरारच्या आईच्या दारापर्यंत आणण्याचा आहे.

शीवच्या पेढीपर्यंत दूध न्यायचे तर विरारहून दादर आणि दादरला गाडी बदलून शीव. कडेवर लहान बाळ आणि हातात बर्फाची पिशवी घेऊन विरार लोकलमध्ये चढून बघावे! दान करण्याची इच्छा असलेली आई फलाटावरच माघारी फिरेल, आणि त्यात तिचा दोष नाही. दुसऱ्या दिशेला याच पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड आहेत. कुपोषणाच्या बातम्यांनी ज्यांची नावे महाराष्ट्राला माहीत झाली ते तालुके. तिथे कमी वजनाचे बाळ जन्मले आणि आईला दूध यायला दोन दिवस लागले, तर तिला मुंबईची पेढी आणखी दूर. एका टोकाला फ्रीजरमध्ये उरलेले दूध आहे, दुसऱ्या टोकाला त्याची गरज आहे आणि दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात आहेत. २०१४ साली ठाण्यापासून वेगळा झालेल्या या जिल्ह्याने हा दुवा स्वतः जोडायला हवा.

त्यासाठी लगेच मोठी पेढी उभारावी लागेल असेही नाही. वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय किंवा महापालिकेचे एखादे प्रसूतिगृह हे संकलनाचे ठिकाण होऊ शकते. लागतो तो एक उणे २० अंशांचा डीप फ्रीजर, तापमानाची नोंदवही, दात्रीची विचारपूस आणि रक्तचाचण्या करणारी एक प्रशिक्षित परिचारिका आणि आठवड्यातून दोनदा गोठलेल्या बाटल्या प्रक्रिया करणाऱ्या पेढीत नेणारी शीतपेटीची गाडी. लसी अशाच थंड साखळीतून खेड्यापाड्यांत पोहोचतात. ब्राझीलमध्ये दोनशेहून अधिक दुग्धपेढ्यांचे जाळे आहे आणि अनेक शहरांत अग्निशमन दलाचे जवान दात्रींच्या घरी जाऊन बाटल्या गोळा करतात. आपल्याकडे वसईची फुले पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात ताजी पोहोचतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावाने नाजूक माल वेळेत मुंबईला नेला, त्याला दुधाची बाटली नेण्याचे शास्त्र अवघड जाऊ नये.

दुसरी मागणी कामाच्या ठिकाणांची. राज्यातल्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, पण त्यांतल्या किती कक्षांना आतून कडी आहे, हात धुवायला पाणी आहे, पंप लावायला विजेचे बटण आहे, हे पाहायला हवे. रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचे नाव दिले की काम संपत नाही. कार्यालयात आईला पंधरा मिनिटे, एक बंद दार आणि फ्रिजमधला एक कप्पा मिळाला तर अनेक जणींचे दूध आटणार नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर कायद्यानेच बंधनकारक आहे. पाळणाघर खरोखर चालले तर पंपाची गरजच कमी होईल.

तोपर्यंत ज्या आईकडे दूध उरते तिने काय करावे? बाळंतपण झाले त्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावे. दुग्धपेढी असलेल्या जवळच्या रुग्णालयात आधी फोन करून दात्रीच्या अटी, बाटल्यांचा प्रकार आणि घरून दूध नेण्याची सोय आहे का, हे समजून घ्यावे. काहीच जमले नाही तर पंपाच्या वेळा हळूहळू कमी कराव्यात, म्हणजे दूध बाळाच्या गरजेइतके होईल. ग्रुपवर अनोळखी आईला बाटली देऊ नये, विकत तर मुळीच घेऊ-देऊ नये. आणि ज्या सुनेला दूध ‘पुरत नाही’ असे घरात ठरवले जात आहे तिच्यासाठी पंप मागवण्याआधी बाळाचे वजन करून पाहावे.